मोटर संपाला लावा, नळाला नको

श्रोतेहो, नमस्कार. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी आणि सीमेच्या अलीकडं-पलीकडं जिथं जिथं हा आवाज पोचतोय, तिथल्या सगळ्यांना नमस्कार.

आज मला विषय दिलाय तो चांगलाच भारदस्त आहे. वाढती शहरं, प्रदूषण आणि सार्वजनिक आरोग्य. हवा, धूळ, कचरा, पाणी, आवाज, सगळंच त्यात येतं. मी त्यातलं फक्त पाणी धरणार आहे, आणि पाण्यातही नळाचं. बाकी सगळं विसरलात तरी चालेल, एवढं एक लक्षात ठेवा. मोटर संपाला, म्हणजे पाणी साठवायच्या जमिनीतल्या टाकीला लावा, नळाला लावू नका. परत सांगतो, मोटर संपाला, नळाला नव्हे. का, ते येईलच पुढं.

आपलं बेळगाव म्हणजे गरिबांचं महाबळेश्वर, असं आपण पाहुण्यांना अजून सांगतो. २०११च्या जनगणनेत महापालिकेच्या हद्दीत ४ लाख ८८ हजार माणसं मोजली गेली. पण शहर काही हद्दीचा दगड बघून थांबत नाही. हिंडलगा, कंग्राळी, पिरनवाडी, मच्छे, काल जिथं भाताची खाचरं होती तिथं आज बंगले आहेत. आणि जुन्या गल्ल्या? शहापूर, वडगाव, खासबाग? तिथं शहर वर वाढलं. बैठ्या घराचं दुमजली झालं, दुमजलीचं तिमजली. वर भाडेकरू, प्रत्येक मजल्याला संडास-बाथरूम, वॉशिंग मशीन. गटार मात्र आजोबांच्या वेळचं. रुंदी तीच, उतार तोच, आणि त्याच्या पोटातनं गेलेली नळाची पाइपही तीच.

या पाइपची एक गोष्ट आहे. आमच्या घरचे म्हणतात, ह्याला कुठंही बोलायला उभं करा, हा गुलाबी पाण्यावर येणारच. तर आलो.

नव्वदच्या दशकाच्या शेवटाला घडलेली गोष्ट. शहापुरातली आमची गल्ली, नाव सांगत नाही, माणसं अजून तिथंच राहतात. गल्लीच्या मधल्या वाड्यात विहीर होती. नळ होता, पण तो यायचा दोन-चार दिवसांनी, तोही मध्यरात्र उलटून गेल्यावर. त्या साली आषाढ सरता सरता गल्लीत कावीळ सुरू झाली. आधी एका घरातला पोरगा, मग शेजारची सून, मग समोरचे दोघे भाऊ. डोळे पिवळे, लघवी पिवळी, अन्न समोर आलं की मळमळ. पंधरा-वीस दिवसांत अशी वेळ आली की कुणाच्या घरी कावीळ नाही, तेच विचारायला लागायचं.

मग औषधं सुरू झाली. कुणी कुठल्या खेड्यातनं झाडपाला आणला, कुणी कावीळ उतरवून आला. चुन्याच्या निवळीत हात धुतले की पाणी पिवळं होतं आणि म्हणे कावीळ उतरली. अहो, हाताला आधी आंब्याच्या सालीचा रस चोळलेला असला की निवळीत पिवळा रंग उतरतोच, कावीळ असो वा नसो. घरी करून बघा. या उतरवण्यापायी दवाखान्यात उशिरा पोचलेली माणसं मला माहीत आहेत, म्हणून राग येतो. असो.

आता दोष कुणाचा? कोपऱ्यावर एक भेळेची गाडी लागायची. सगळ्यांचं बोट तिकडं. पोरांनी गाडी हलवायला लावली. तो बिचारा गोवावेसकडं गेला आणि तिथं त्याचा धंदा आमच्याकडच्यापेक्षा जोरात चालला. गाडी गेली तरी कावीळ चालूच. मग बोट विहिरीकडं. वाड्यात सभा भरली, विहीर बुजवून टाकूया म्हणून. मातीच्या ट्रॅक्टरची वर्गणीसुद्धा ठरली.

तिथं आमचे ओव्हरसियर काका उठले. बांधकाम खात्यातनं रिटायर झालेले, खिशात कायम वही आणि आखूड पेन्सिल. म्हणाले, "माळावरच्या घरातली म्हातारी भेळ खात नाही, बाहेरचं पाणी शिवत नाही. तिला कशी झाली कावीळ?" कुणी म्हणालं, विहिरीनं. काका म्हणाले, "ती विहिरीचं पाणी पीत नाही, सोवळ्याचा हंडा नळावर भरते. आणि वाड्यातली सगळी विहिरीचं पितात, त्यातल्या किती जणांना झाली?" सभा गप्प. कुणाला झाली नव्हती.

काकांनी चार दिवस मागून घेतले. घरात रंगपंचमीचा उरलेला राणी रंग होता. आता बेळगावातल्या श्रोत्यांना वाटेल, रंगपंचमी कशाला, धुळवड म्हणा. नाही. शहापूर सांगली संस्थानात होतं, त्यामुळं आम्ही रंग खेळतो तो रंगपंचमीलाच, आणि खरा रंग त्याच दिवशीचा असं माझं स्पष्ट मत आहे, कुणाला राग आला तरी.

तर राणी रंग. पाण्याची पाळी होती त्या रात्री काका मला उठवायला आले. मला का, तर बॅटरी धरायला कुणीतरी पाहिजे होतं. गल्लीच्या वरच्या तोंडाला गटारावरची फरशी आम्ही दोघांनी पहारीनं सरकवली. खाली काळं पाणी, त्यावर साबणाचा फेस, आणि त्या पाण्यात आडवी बुडालेली नळाची लोखंडी पाइप. काकांनी बादलीत कालवलेला सगळा रंग त्यात ओतला. बॅटरीच्या उजेडात गटार लग्नाच्या शालूसारखं दिसायला लागलं. मला हसू आवरेना, काकांनी डोक्यात टपली मारली. फरशी होती तशी बसवून आम्ही घरी गेलो.

अडीचच्या सुमाराला पाणी आलं. पाणी आलं हे कसं कळायचं, तर एकेका घरातनं मोटर सुरू व्हायची. घर्र, घर्र, घर्र. ज्याची मोटर मोठी त्याची टाकी आधी भरणार. आमच्या शेजारच्या मामींनी त्याच उन्हाळ्यात एक हॉर्सपॉवरची नवी मोटर थेट नळाला जोडली होती आणि येईल-जाईल त्याला कौतुकानं दाखवायच्या.

सकाळी सातला मामींच्या घरातनं आरडाओरडा. सासूबाई म्हणतायत, "अगो, आज काय सण हाय? साखरभात केलीस काय?" आणि मामी, "मी काय करतो ओ, पाणीच असलं यायलंय! टाकी उघडून बघा की!" पातेल्यातला भात गुलाबी. न्हाणीतली बादली गुलाबी. मामा आंघोळ अर्धी टाकून टॉवेल गुंडाळून बोळात उभे, कानामागनं गुलाबी ओघळ.

काका वही घेऊन घरोघर फिरले. मोटर आहे काय? नळाला आहे की टाकीला? रंग आला काय, कधी, किती वेळ? नळाला मोटर लावलेल्या घरांत रंग ठसठशीत. मोटर नसलेल्या घरांत पहिल्या एक-दोन घागरी नुसत्या फिकट. आणि विहीर? कळशी वर काढली, पाणी काचेसारखं. बुजवायला निघालेली विहीर तेवढी निर्दोष सुटली.

अर्ज लिहिला पलीकडच्या कन्नड मास्तरांनी, सुंदर अक्षरात, आणि अर्जासोबत जोडली गुलाबी पाण्याची बाटली. असा अर्ज फायलीत बसत नाही, म्हणून साहेब स्वतः बघायला आले. खोदलं तेव्हा गटारातल्या पाइपच्या जोडाला गंजून भोक पडलेलं, बोट सहज जाईल एवढं. नवी पाइप गटाराच्या वरनं नेली. नव्या काविळी महिना-दीड महिन्यात थांबल्या.

गोष्ट लांबली, पण सगळा विषय तिच्यात आहे. नळ चोवीस तास वाहत असतो तेव्हा पाइपच्या आत दाब असतो. भोक असलं तरी पाणी आतनं बाहेर जातं. नळ बंद झाला की पाइप रिकामी, दाब गेला. आता बाहेरचं गटाराचं पाणी आत झिरपतं. आणि पाणी आल्या-आल्या तुम्ही मोटर लावून ओढलंत, तर आतला दाब आणखी उतरतो, आणि वाटेतल्या प्रत्येक भोकातनं गटार आत ओढलं जातं. तुमच्या घरी आणि तुमच्या पुढच्या घरीसुद्धा. म्हणून म्हणतो, नळाचं पाणी आपल्या वेगानं संपात पडू द्या आणि संपातनं वर चढवायला खुशाल मोटर लावा. मोटर संपाला, नळाला नव्हे. आणि पाणी आल्यावर पहिली काही मिनिटं येणारं पाणी प्यायला भरू नका. ते झाडांना, फरशीला. पहिलं पाणी प्यायला नको.

लोक भेळेवर का घसरले, तेही सांगतो. हेपॅटायटिस ए या काविळीचा विषाणू पोटात गेल्यापासून लक्षणं दिसायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, हेपॅटायटिस ईला दोनपासून दहापर्यंत. माणूस आठवतो काल काय खाल्लं ते. महिन्यापूर्वी रात्री अडीचला भरलेला हंडा कुणाला आठवतो? आणि ही ई प्रकारची कावीळ गरोदर बाईला फार धोक्याची. गल्लीत कावीळ दिसली तर गरोदर बाईला उकळलेलं पाणीच द्या, आणि डोळे पिवळे दिसले तर त्याच दिवशी दवाखाना. उकळलेलं म्हणजे कोमट नव्हे. खळखळून उकळी फुटली पाहिजे आणि मिनिटभर तशीच राहिली पाहिजे.

हे गल्लीबोळातच होतं असं नाही. १९५५-५६ साली दिल्लीत यमुनेतलं पाणी उचलायच्या जागी नजफगढ नाल्याचं सांडपाणी शिरलं आणि सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. राजधानीत. पाण्यात क्लोरीन होतं, जंतू मेले, पण विषाणू पुरून उरला.

म्हणून क्लोरीन सोडायचं नाही, उलट नळाशी येईपर्यंत ते थोडं उरलं पाहिजे. लिटरला ०.२ मिलिग्रॅम तरी, असं आपलं भारतीय मानक सांगतं. नळाला औषधाचा वास आला की आपण नाक मुरडतो आणि चहा बिघडला म्हणतो. चहा बिघडतो, मान्य आहे. पण वास येतोय म्हणजे राखण जागी आहे.

बेळगावच्या दहा प्रभागांत २००८ पासून चोवीस तास पाणी आलं. त्याच योजनेत हुबळी-धारवाडचे काही प्रभाग होते. तिथं संशोधकांनी घरोघर जाऊन पाहणी केली आणि २०१५ साली ती छापून आली. चोवीस तास पाणी असलेल्या घरांत विषमज्वर, म्हणजे टायफॉइड, कमी आढळला. आपल्याकडं मात्र चोवीस तास पाणी म्हटलं की पहिली चर्चा बिलाची. बिलावर भांडा, जरूर भांडा, पण दवाखान्याचं बिल शेजारी ठेवून भांडा.

जिथं पाणी रोज येत नाही तिथं आपण साठवतो. पिंप, बॅरल, घंगाळ, जे असेल ते. डेंग्यूचा डास गटारात नव्हे, या स्वच्छ साठवलेल्या पाण्यात अंडी घालतो, आणि आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. तेव्हा आठवड्यातनं एकदा पिंप रिकामं करून आतनं कडा घासायच्या. नुसतं पाणी ओतून चालत नाही, अंडी कडेला चिकटलेली असतात. कडा घासायच्या.

आणि आपलं सांडपाणी जातं कुठं? शहराचं बरंचसं बळ्ळारी नाल्यात. तो नाला शहापूर, वडगाव, येळ्ळूर, हलग्याच्या शिवारातनं जातो. हीच ती बेळगाव बासमतीची जमीन, जिथला भात शिजला की तीन घरं पलीकडं कळायचं. पावसाळ्यात नाला फुगतो आणि लावणी केलेल्या खाचरात शहराचं पाणी पसरतं. त्या पाण्यात गुडघाभर उभं राहून रोप लावणाऱ्या बायकांच्या पायांना काय होतं, ते वडगावच्या कुठल्याही डॉक्टरला विचारा. त्यात आम्ही शहरवाल्यांनी अंगणांत पेव्हर ब्लॉक घातलेत, माती दिसू द्यायची नाही असा पणच केलाय. पावसाचं पाणी मुरायचं ते सगळं धावतं नाल्याकडं. अंगणात दोन ब्लॉक कमी घातले तर कुणाची इज्जत जात नाही.

१९२४ साली टिळकवाडीत काँग्रेसचं अधिवेशन भरलं, गांधीजी अध्यक्ष होते. जमणाऱ्या माणसांना पाणी पाहिजे म्हणून विहीर खोदली, खर्च ४,३७० रुपये ३ आणे. काँग्रेस विहीर म्हणून आपण तिला ओळखतो. पाहुणे यायच्या आधी पाण्याची आणि संडासाची सोय, हा क्रम तेव्हा लोकांना कळत होता. आता प्लॉट आधी विकतात, घर उभं राहतं, वास्तुशांत होते, आणि गटार कधी येणार म्हणून माणसं निवेदन घेऊन फिरतात. नव्या वसाहतीत जागा बघायला जाणार असाल तर मालकाला दोनच प्रश्न विचारा. इथलं सांडपाणी कुठं जातं? आणि पाण्याची पाइप गटाराच्या वर आहे की खाली? दुसऱ्या प्रश्नाला तो अडखळला तर स्वतः फरशी उचलून बघा.

उद्यमबागेतली फाउंड्रीची धूळ, तुरमुरीचा कचरा, निपाणीच्या तंबाखूची खकाणा, हे सगळं आज बोलायचं होतं. कागदावर लिहून आणलं होतं, पण समोरच्या काचेतनं हात दिसायलाय, वेळ संपली. धूळ आणि धुराचं पुढच्या गुरुवारी, याच वेळेला. तोवर आज रात्री ज्यांच्याकडं पाण्याची पाळी आहे त्यांनी तेवढी मोटर बघा, कशाला जोडली आहे ती. नमस्कार.