खाड्याच्या पैशांपासून टोंगाच्या लाल जर्सीपर्यंत
(परळ येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

श्रोतेहो,

मुंबईत रग्बीचे नाव निघाले की आझाद मैदानाला लागून असलेले बॉम्बे जिमखान्याचे मैदान आठवते. तिथे वर्षानुवर्षे खेळली जाते ती रग्बी युनियन. तिच्यात एका संघात पंधरा खेळाडू असतात. आज मी ज्या खेळाविषयी बोलणार आहे तो तिचाच सख्खा, पण शंभराहून अधिक वर्षांपूर्वी वेगळा निघालेला भाऊ. त्याला रग्बी लीग म्हणतात, त्यात तेरा खेळाडू असतात, आणि त्याचा स्वतंत्र विश्वचषक १९५४ पासून भरतो. युनियनचा विश्वचषक १९८७ मध्ये सुरू झाला, म्हणजे धाकट्या भावाने या बाबतीत थोरल्याला तेहतीस वर्षांनी मागे टाकले. तरीही आपल्याकडे या स्पर्धेची ओळख जवळजवळ नाही, आणि ती व्हावी असे मला मनापासून वाटते.

नियमांचे थोडक्यात सांगतो. चेंडू घेऊन धावणाऱ्या खेळाडूला प्रतिस्पर्ध्यांनी पाडले की तो उठतो, चेंडू पायाने मागे सरकवतो आणि त्याचा संघ पुन्हा चढाई करतो. असे सहा टॅकल होईपर्यंत चेंडू त्या संघाकडे राहतो, सहाव्यानंतर तो दुसऱ्या संघाकडे जातो; म्हणून पाच टॅकलनंतर बहुधा चेंडू लांब लाथाडला जातो. प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवला की ट्राय होतो आणि चार गुण मिळतात, त्यानंतरच्या यशस्वी किकला दोन. सामना ऐंशी मिनिटांचा असतो. सतत धावणे आणि सतत धडका, त्यामुळे हा खेळ शरीराची मोठी किंमत मागतो, आणि ती किंमत कोणी मोजायची या वादातूनच त्याचा जन्म झाला आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडच्या उत्तर भागात, यॉर्कशायर आणि लँकेशायरमध्ये, रग्बी खेळणारे तरुण प्रामुख्याने कोळशाच्या खाणींत आणि कापडगिरण्यांत राबत. शनिवारी सामना म्हणजे त्या दिवशी कामावर खाडा, आणि खाडा म्हणजे मजुरीवर पाणी. दुखापत झाली तर पुढचे कितीतरी दिवस घरात पैसा नाही. परळ-लालबागमध्ये बसलेल्या श्रोत्यांना हा हिशेब समजावून सांगण्याची गरज नाही. तुमच्यापैकी अनेकांच्या वडिलांनी आणि आजोबांनी तो केलेला आहे. खाड्याची भरपाई क्लबांना देता यावी असा ठराव यॉर्कशायरच्या प्रतिनिधींनी १८९३ मध्ये मांडला, आणि लंडनला भरलेल्या सभेत तो २८२ विरुद्ध १३६ मतांनी फेटाळला गेला. खेळ हौसेसाठीच खेळला पाहिजे, असे सांगणाऱ्या मंडळींना शनिवारच्या मजुरीची चिंता करण्याची वेळ आलेली नव्हती. अखेर २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्ड येथील जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडील क्लबांचे प्रतिनिधी जमले आणि त्यांनी आपली वेगळी नॉर्दर्न युनियन स्थापन केली. सुरुवातीला दिवसाच्या खाड्यापोटी जास्तीत जास्त सहा शिलिंग देण्याची मुभा होती. १९०६ मध्ये खेळाडूंची संख्या पंधरावरून तेरावर आली, १९०८ मध्ये ऑस्ट्रेलियात लीगचे सामने सुरू झाले, आणि न्यूझीलंडनेही हा खेळ उचलला. कष्टकरी वस्त्यांचा खेळ ही त्याची ओळख तिन्ही देशांत कायम राहिली.

विश्वचषकाची कल्पना मात्र इंग्लंडची नव्हे, फ्रान्सची. त्यामागची कथा अधिक लोकांना ठाऊक असायला हवी. फ्रान्समध्ये हा खेळ १९३४ मध्ये रुजला आणि दक्षिणेकडील शहरांत वेगाने फोफावला. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीपुढे शरणागती पत्करलेल्या व्हिशी सरकारने १९४१ मध्ये हुकूम काढून त्यावर बंदी घातली आणि संघटनेची मालमत्ता सरकारजमा केली. एखाद्या सरकारने मैदानी खेळाची संघटना अशी मुळापासून उखडून टाकावी, ही गोष्ट क्रीडेच्या इतिहासात विरळाच म्हणावी लागेल. युद्ध संपल्यावर संघटना पुन्हा उभी राहिली, पण तिला आपल्या नावात रग्बी हा शब्द वापरू दिला गेला नाही. कित्येक दशके हा खेळ अधिकृतपणे तेरा जणांचा खेळ एवढ्याच नावाने ओळखला जात होता. अशा परिस्थितीत फ्रेंच संघाने १९५१ मध्ये ऑस्ट्रेलियात जाऊन कसोटी मालिका जिंकली, आणि संघटनेचे अध्यक्ष पॉल बॅरिएर यांनी विश्वचषकाचा आग्रह धरला. १९५४ ची पहिली स्पर्धा फ्रान्समध्येच झाली. संघ चारच होते: फ्रान्स, ग्रेट ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड. पॅरिसच्या पार्क दे प्रॅन्समध्ये झालेला अंतिम सामना ग्रेट ब्रिटनने फ्रान्सविरुद्ध १६-१२ असा जिंकला. ब्रिटनचा हा संघ दुय्यम मानला गेला होता, कारण ऑस्ट्रेलियाच्या लांबलचक दौऱ्याहून परतलेले अनेक नामवंत खेळाडू त्यात नव्हते. डेव्ह व्हॅलेंटाइन या स्कॉटिश खेळाडूच्या नेतृत्वाखाली त्याच संघाने पहिला चषक नेला.

त्यानंतरच्या दशकांचा आढावा लवकर आटोपता येतो, कारण तो बव्हंशी ऑस्ट्रेलियाच्या विजयांचा आहे. आजवर पूर्ण झालेल्या सोळा स्पर्धांपैकी बारा ऑस्ट्रेलियाने, तीन ग्रेट ब्रिटनने आणि एक, २००८ ची, न्यूझीलंडने जिंकली आहे. या यादीतल्या एका सामन्यापाशी मात्र मला थांबायचे आहे. ११ नोव्हेंबर १९७२ रोजी लिऑनमध्ये ग्रेट ब्रिटन आणि ऑस्ट्रेलिया यांच्यातील अंतिम सामना जादा वेळेनंतरही १०-१० असा बरोबरीत राहिला, आणि प्राथमिक सामन्यांतील सरस कामगिरीमुळे चषक ब्रिटनला मिळाला. ब्रिटनच्या एका ट्रायसाठी आपल्याच अर्ध्या भागातून जवळजवळ संपूर्ण मैदान धावत जाणारा खेळाडू होता कर्णधार क्लाइव्ह सलिव्हन. कार्डिफमध्ये जन्मलेला, जमैकन वंशाचा हा तरुण ब्रिटनच्या कोणत्याही प्रमुख खेळातील राष्ट्रीय संघाचा पहिला कृष्णवर्णीय कर्णधार होता. तो सामना पाहायला पाच हजार माणसेही नव्हती. पण ज्या हल शहरासाठी सलिव्हन खेळला, तिथे पोहोचणाऱ्या हमरस्त्याला आज त्याचे नाव आहे; आणि पन्नास वर्षांनी जमैकाचा संघ प्रथमच विश्वचषकात उतरला तेव्हा त्याने न्यूझीलंडविरुद्ध स्पर्धेतील आपला पहिला ट्राय नोंदवला तो याच हल शहरात. जमैका तो सामना ६८-६ असा हरला, तरी त्या सहा गुणांचे मोल मला फार वाटते.

आता मी माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. या स्पर्धेवर नेहमी घेतला जाणारा आक्षेप असा, की तिच्यातील अनेक राष्ट्रीय संघ खऱ्या अर्थाने त्या त्या राष्ट्राचे नसतात. लेबनॉनच्या संघात सिडनीत वाढलेली मुले असतात, आयर्लंड आणि इटलीच्या संघांत आजी-आजोबांच्या नात्याने आलेले खेळाडू असतात, पॅसिफिक महासागरातील सामोआ आणि टोंगा या बेटांच्या देशांचे बहुतेक खेळाडू ऑकलंड, सिडनी किंवा ब्रिस्बेनमध्ये जन्मलेले किंवा लहानाचे मोठे झालेले असतात. आक्षेपातील माहिती खरी आहे; तिच्यावरून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. मुंबईत जन्मलेला कोकणी मुलगा मे महिन्यात गावी जाऊन वाडीच्या संघातून कबड्डी खेळतो तेव्हा त्याला कोणी उपरा म्हणत नाही, कारण त्याचे गाव त्याच्या जन्मदाखल्यावरून ठरत नाही. पॅसिफिक बेटांवरून दोन-तीन पिढ्यांपूर्वी कारखान्यांत आणि गोदामांत मजुरीसाठी गेलेल्या कुटुंबांचे तसेच आहे. त्यांचे चर्च, त्यांची भाषा, घरी पाठवायचे पैसे, हे सगळे बेटांशी जोडलेले राहिले, आणि रग्बी लीग ही त्यांच्या मुलांना उपलब्ध असलेली प्रगतीची सर्वांत रुंद वाट ठरली.

पण या मुलांनी नाव कमावले की त्यांना बोलावणे यायचे ते ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडचे. मानधन तिथे मोठे, प्रतिष्ठा मोठी, जिंकण्याची शक्यताही मोठी. आंतरराष्ट्रीय संघटनेने ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि इंग्लंड यांना पहिल्या श्रेणीत ठेवले आहे, आणि पहिल्या श्रेणीतील देशाकडून खेळलेल्या खेळाडूलाही आपल्या वारशाच्या, खालच्या श्रेणीतील देशाकडून खेळण्याची वाट नियमांनी मोकळी ठेवली. ती वाट प्रामुख्याने मोठ्या संघात जागा न मिळालेल्यांसाठी आहे, असेच सर्व जण धरून चालले होते. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये, त्या वर्षीच्या विश्वचषकाच्या तोंडावर, हा समज मोडला. त्या काळातील जगातील सर्वोत्तम फॉरवर्डांपैकी, म्हणजे धडका घेत चढाई करणाऱ्या दणकट खेळाडूंपैकी, एक असलेला जेसन टाउमालोलो न्यूझीलंडच्या संघात निश्चित मानला जात असताना त्याने टोंगाची निवड केली, आणि ऑस्ट्रेलियाच्या संघात जागा मिळत असलेल्या अँड्र्यू फिफिटानेही तोच निर्णय घेतला. इतरही काही जण त्यांच्या मागोमाग आले. टोंगाकडून मिळणारी रक्कम ते सोडून आलेल्या मानधनापुढे अगदीच किरकोळ होती. १८९५ मध्ये खाणकामगारांनी खाड्याचे पैसे मागितले तेव्हा त्यांच्यावर पैशासाठी खेळ विकल्याचा आरोप झाला होता. त्याच खेळातले हे व्यावसायिक खेळाडू, ज्यांची उपजीविका प्रत्येक टॅकलवर अवलंबून आहे, आपण होऊन पैसा मागे ठेवून आले. आपल्या श्रमाचे मोल मागण्याचा हक्क ज्याला मिळालेला असतो, त्यालाच ते मोल सोडून देण्याचा निर्णयही स्वतंत्रपणे घेता येतो, असे मी या दोन घटना शेजारी ठेवून म्हणतो.

पुढे जे झाले ते मैदानावर झाले. ११ नोव्हेंबर २०१७ रोजी हॅमिल्टनचे स्टेडियम न्यूझीलंडमध्ये असूनही टोंगाच्या लाल रंगाने भरून गेले होते. मध्यंतराला न्यूझीलंड १६-२ असे पुढे होते. दुसऱ्या अर्धात टोंगाने सामना फिरवला आणि २८-२२ असा जिंकला. श्रेणी ठरवल्या गेल्यापासून विश्वचषकात पहिल्या श्रेणीतील संघाला खालच्या श्रेणीतील संघाने हरवल्याची ही पहिलीच वेळ होती. पुढच्याच आठवड्यात फिजीने न्यूझीलंडला ४-२ असे हरवून स्पर्धेबाहेर काढले. ऑकलंडच्या उपांत्य सामन्यात टोंगा इंग्लंडविरुद्ध शेवटची सात मिनिटे उरली असताना ०-२० असे मागे होते, त्या सात मिनिटांत त्यांनी तीन ट्राय केले, आणि २०-१८ असे हरले. सुमारे एक लाख लोकसंख्येचा हा देश. आपल्या एखाद्या वॉर्डातही त्याहून अधिक माणसे राहतात. दोन वर्षांनी, २०१९ मध्ये, टोंगाच्या खेळाडूंनी ऑकलंडच्या ईडन पार्कवर प्रत्यक्ष ऑस्ट्रेलियाला १६-१२ असे हरवले. त्या वेळी टोंगाच्या संघटनेत वाद पेटलेला असल्याने त्यांना देशाच्या अधिकृत नावाने खेळताही आले नव्हते.

पापुआ न्यू गिनीविषयीही दोन वाक्ये सांगितली पाहिजेत. आठशेहून अधिक भाषा बोलल्या जाणाऱ्या त्या देशात रग्बी लीग हा राष्ट्रीय खेळ आहे, आणि २०१७ च्या स्पर्धेचे काही सामने राजधानी पोर्ट मोर्सबीत झाले तेव्हा स्टेडियमबाहेर राहिलेली गर्दी आतल्या गर्दीइतकीच उत्साही होती. तिथल्या संघाला २०२८ पासून ऑस्ट्रेलियाच्या मुख्य स्पर्धेत जागा देण्याचे ठरले आहे. त्यामागे ऑस्ट्रेलियाच्या सरकारचे पॅसिफिकमधील राजकारणही आहे हे उघड आहे, पण म्हणून तिथल्या मुलांचा आनंद कमी खरा ठरत नाही.

कोविडमुळे एक वर्ष पुढे ढकलली गेलेली स्पर्धा २०२२ मध्ये इंग्लंडमध्ये झाली. पुरुषांचे सोळा संघ, महिलांची स्पर्धा आणि व्हीलचेअर रग्बी लीग या तिन्ही स्पर्धा प्रथमच एकत्र भरवल्या गेल्या. व्हीलचेअरच्या खेळात पुरुष आणि स्त्रिया, अपंग आणि धडधाकट असे खेळाडू एकाच संघात खेळतात. मँचेस्टरला इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यात झालेला त्याचा अंतिम सामना, जो इंग्लंडने २८-२४ असा जिंकला, अनेकांच्या मते संपूर्ण महोत्सवातील सर्वांत चुरशीचा होता, आणि माझेही मत तेच आहे.

त्यापुढची स्पर्धा २०२५ मध्ये फ्रान्समध्ये व्हायची होती. आर्थिक हमीच्या मुद्द्यावरून २०२३ मध्ये फ्रान्सने माघार घेतली, आणि ज्या देशाने बंदीच्या राखेतून ही स्पर्धा उभी केली त्याच देशाला तिचे यजमानपद सोडावे लागले. स्पर्धा २०२६ वर गेली, ऑस्ट्रेलियाकडे गेली, आणि पुरुषांच्या संघांची संख्या सोळावरून दहावर आणण्यात आली. या कपातीला माझा विरोध आहे. एकतर्फी सामने नकोत, हा तिच्या बाजूचा युक्तिवाद. २०२२ मध्ये इंग्लंडने ग्रीसला ९४-४ असे आणि ऑस्ट्रेलियाने स्कॉटलंडला ८४-० असे हरवले, हे खरे आहे. पण त्याच स्पर्धेच्या पहिल्या दिवशी न्यूकॅसलला इंग्लंडने सामोआलाही ६०-६ असे चिरडले होते, आणि दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांनी सामोआच्या आशा संपल्याचे सूर लावले होते. चार आठवड्यांनी लंडनमध्ये उपांत्य सामन्यात हेच दोन संघ समोरासमोर आले, ऐंशी मिनिटांनंतर गुण समान झाले, आणि गोल्डन पॉइंटच्या खेळात, म्हणजे जो आधी गुण मिळवेल तो जिंकेल अशा जादा वेळेत, स्टीफन क्रायटनच्या ड्रॉप गोलने, म्हणजे चेंडूला जमिनीवर टप्पा देऊन मारलेल्या एका गुणाच्या किकने, सामोआ २७-२६ असे जिंकले. पॅसिफिकमधील बेटांचा एखादा संघ अंतिम सामन्यात पोहोचण्याची ती पहिलीच वेळ होती. ओल्ड ट्रॅफर्डवर ऑस्ट्रेलियाकडून ते १०-३० असे हरले. पहिल्या सामन्यातील गुणफलकावरून संघांची लायकी ठरवायची असती, तर सामोआला त्या अंतिम सामन्याच्या मैदानावर पाऊलही ठेवता आले नसते. आणि ग्रीस, जिथे सरकारी मान्यतेअभावी हा खेळ कित्येक वर्षे लपूनछपून खेळावा लागला, किंवा जमैका यांना अशी दुसरी संधी पुढच्या स्पर्धेत मिळणारच नाही, याचे उत्तर संख्या दहावर आणणाऱ्यांनी दिलेले नाही.