हन्नाबीचा टापा

(कातळ, सकाळचं ऊन)
कातळावरची ही खूण पाहा. अलिबागजवळचं खंडाळे गाव आहे हे. घाटातला खंडाळा वेगळा. कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे इथले मराठी बोलणारे यहुदी, या जागेला एलियाहू हन्नाबीचा टापा म्हणतात. हन्नाबी म्हणजे संदेष्टा. त्याचा अग्निरथ इथून वर गेला, ही त्याच्या चाकाची आणि घोड्यांच्या टापांची खूण, अशी श्रद्धा.

हिब्रू ग्रंथात खंडाळे नाही. तिथे एलियाहू यार्देन नदी ओलांडतो, सोबत शिष्य अलीशा. बोलत बोलत चालले असताना दोघांच्या मधे अग्नीचा रथ येतो आणि वावटळ गुरूला उचलून नेते. शिष्याच्या हाती उरतो गुरूचा झगा. मरणाचं नाव नाही. जो मेलाच नाही, तो कुठेही येऊ शकतो!

(रात्र, डोंगरमाथ्यावर शेकोटी)
हा ग्रीसमधला तैगेतोस. सर्वांत उंच शिखराचं नाव प्रोफितिस इलियास, म्हणजे तोच आपला हन्नाबी. २० जुलै हा त्याचा दिवस. आदल्या रात्री माणसं चढून येतात, माथ्यावर आग पेटवतात. ग्रीसमध्ये असे कितीतरी डोंगरमाथे त्याच्या नावाचे. ग्रीकांच्या जुन्या सूर्यदेवालाही रथ होता, आणि त्याचं नाव हेलिओस. रथ तसाच राहिला, सारथी बदलला, असं काहींचं म्हणणं. सगळ्या अभ्यासकांना ते पटत नाही.

पण तिथली लोककथा ऐका. इलियास होता खलाशी. समुद्राला कंटाळला, खांद्यावर वल्हं घेऊन डोंगराकडे निघाला. भेटेल त्याला विचारी, हे काय? जिथे वल्हं कुणी ओळखलं नाही, तिथे तो राहिला. होमरच्या ओडिसी या ग्रीक महाकाव्यात हाच प्रवास त्याचा नायक ओडिसियस याला सांगितलेला आहे. तिथे वल्ह्याला वाटसरू म्हणणार, धान्य उफणायचं फावडं.

आमचे कोकणातले खलाशी मात्र किनाऱ्यालाच राहिले.

(अलिबागजवळच्या नवगावचा किनारा)
पूर्वजांचं गलबत इथे फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, असं बेने इस्राएल सांगतात. पुढे ते तेलाचा घाणा चालवू लागले. शनिवारी, शब्बाथला, म्हणजे यहुद्यांच्या विश्रांतीच्या दिवशी, घाणा बंद. म्हणून गावानं नाव ठेवलं शनवार तेली.

(ताट, जवळून)
आणि हा मलिदा. पोहे भिजवून निथळलेले, त्यात खवलेला नारळ, साखर, वेलदोडा, सुकामेवा. परातीत ढीग रचायचा, भोवती फळं मांडायची. केळी आहेत, खजूर आहे. घरात लग्न ठरलं, नवस फिटला, नवं घर घेतलं, की मलिदा. पुरुषांनी डोकं झाकलेलं, बायकांच्या डोक्यावर पदर. आधी एलियाहूचं हिब्रू गाणं, मग आशीर्वचनं. झाडाच्या फळाला वेगळं, जमिनीतून येणाऱ्याला वेगळं, सुगंधालाही वेगळं. हात पाहा, पोहे कसे हलक्या हाताने वर-खाली करतात. ही रीत ग्रंथातली नाही, घरातली आहे. आणि म्हणूनच टिकली, असं मला वाटतं.

१९४८ नंतर बहुतेक कुटुंबं इस्राएलला गेली. मलिदा तिकडेही होतो.

गाणं संपलं. आता पहिली मूठ आजींच्या हातून, शेजारच्या घरी पाठवायच्या वाटीत.