दोन इंजिने, चार केबल्स

[दृश्य: किनाऱ्यावर ओढलेल्या बोटी, वर ताडपत्र्या]

मे महिना संपत आला की सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावरचे जलपर्यटन थांबते आणि मालवण, तारकर्ली, देवबाग भागातल्या बोटी एकेक करून पाण्याबाहेर येतात. हंगामात ‘चालतंय ना’ म्हणून मागे ढकललेल्या दुरुस्त्यांना याच पावसाळी महिन्यांत मुहूर्त लाभतो. आपल्यासमोरच्या फायबरच्या बोटीला मागच्या फळीवर दोन आउटबोर्ड इंजिने आहेत, आणि त्यांच्या जड झालेल्या गिअर केबल्स आज बदलायच्या आहेत.

[दृश्य: सुकाणूजवळचे दोन लिव्हर]

प्रत्येक इंजिनाला एक केबल गिअरची आणि एक थ्रॉटलची (इंजिनाचा वेग कमी-जास्त करणारी), अशा एकूण चार केबल्स लिव्हरपासून बोटीच्या कडेने मागे जातात. स्कूटरच्या ब्रेकची केबल फक्त ओढते. ही केबल ओढतेही आणि ढकलतेही, म्हणून तिच्या आतली तार जाड असते, तिच्याभोवती प्लॅस्टिकचे गुळगुळीत अस्तर, त्यावर पोलादी तारांचे कवच आणि सर्वांत बाहेर पुन्हा प्लॅस्टिकचे आवरण असते. तारेची एकूण हालचाल साधारण 75 मिलिमीटर. फॉरवर्ड, न्यूट्रल आणि रिव्हर्स हे तिन्ही तेवढ्यातच बसवलेले असतात.

इंजिनाकडच्या टोकाचे रबरी सील झिजले की खारे पाणी आत शिरते, पोलाद गंजते, गंज फुगतो आणि अस्तराला दाबू लागतो. हे एका दिवसात घडत नाही, आणि खरी अडचण तीच आहे. तांडेलाचा, म्हणजे बोट चालवणाऱ्याचा, हात रोज थोडा अधिक जोर लावायला नकळत सरावतो, आणि नवख्या माणसाने लिव्हर धरला तरच तो किती जड झाला आहे हे कळते.

दोन इंजिनांच्या बोटीत हा दोष अधिक धोकादायक ठरतो, कारण धक्क्याला लागताना अशी बोट एक इंजिन पुढे आणि दुसरे मागे घालून जागच्या जागी वळवली जाते. त्या क्षणी जड केबलमुळे एक इंजिन रिव्हर्समध्ये गेलेच नाही, किंवा लिव्हर न्यूट्रलला आला तरी गिअर फॉरवर्डमध्येच अडकून राहिला, तर बोट तांडेलाने धरलेल्या दिशेला न जाता धक्क्यावर आदळू शकते.

[दृश्य: इंजिनाचे झाकण काढले जाते]

मात्र लिव्हर जड म्हणजे केबल खराब, असे गृहीत धरून खरेदीला जाणे घाईचे होईल. लिव्हरच्या हालचालीचा पहिला टप्पा गिअरचा आणि पुढचा थ्रॉटलचा असतो; त्यामुळे अडथळा कोणत्या टप्प्यात जाणवतो, यावरून निम्मे उत्तर मिळते. उरलेल्या निम्म्यासाठी इंजिनाकडचे टोक सोडवतात. मग लिव्हर सहज हलला, तर दोष इंजिनाच्या गिअर यंत्रणेत आहे. तरीही जड राहिला, तर लिव्हरकडचे टोकही सोडवून लिव्हरची पेटी आणि केबल वेगवेगळी तपासावी लागते. या बोटीत दोष केबलचाच निघाला. आत तेल सोडून ती हलकी करण्याचा उपाय अनेक जण करतात आणि काही दिवस तो लागूही पडतो. पण तेलाने गंज जात नाही, आणि असली डागडुजी प्रवासी बोटीवर तरी होऊ नये. केबल एका इंजिनाची जड झाली असली तरी दोन्ही इंजिनांच्या केबल्स एकदमच बदलणे शहाणपणाचे, कारण दोघींनी तेच पाणी आणि तेवढेच हंगाम सोसलेले असतात.

केबलची लांबी फुटांत मोजतात, आणि ती बहुधा जुन्या केबलच्या आवरणावर छापलेली असते. छाप पुसला गेला असेल तर केबल बाहेर काढून टोकापासून टोकापर्यंत मोजावी. मात्र जुनी लांबी बरोबरच होती असे मानू नये. आखूड केबल इंजिन वळताना ताणली जाते आणि लांब केबलचे वेटोळे कुठेतरी कोंबले जाते.

[दृश्य: केबल ओढताना दोन माणसे, एक पुढे, एक मागे]

प्रथम चावी काढली जाते, किल-स्विचची, म्हणजे इंजिन तात्काळ बंद करणाऱ्या खटक्याची, दोरी सोडली जाते आणि बॅटरी बंद केली जाते, कारण पुढे इंजिनांचे पंखे (प्रोपेलर) हाताने फिरवायचे आहेत. जोडण्यांची छायाचित्रे घेऊन टोकांना रंगीत पट्ट्या लावल्या जातात; डाव्या इंजिनाला लाल आणि उजव्याला हिरवी, म्हणजे बोटीच्या दिव्यांचेच रंग. जुन्या केबलच्या टोकाला मजबूत दोरी बांधून ती मागून ओढली की दोरी वाटेत राहते, आणि तिच्याच आधाराने नवी केबल आत जाते.

ही वाट केबलच्या किमतीपेक्षा महत्त्वाची आहे. प्रत्येक वळणागणिक घर्षण वाढते, म्हणून वळणे कमीत कमी असावीत आणि कोणत्याही वळणाची त्रिज्या साधारण 200 मिलिमीटरपेक्षा कमी नसावी. प्लॅस्टिकचे पट्टे आवळून बांधले तर नवी केबलही पहिल्याच दिवशी जड लागते. महागडी केबल घेऊन ती जुन्याच कोंडलेल्या वाटेने नेणारे बोटवाले दोनतीन हंगामांनी पुन्हा दुकानात दिसतात, त्यात नवल नाही.

[दृश्य: गिअरची भुजा, केबलचे टोक]

जोडणीच्या वेळी लिव्हर न्यूट्रलला ठेवतात आणि इंजिनाची गिअरभुजाही खऱ्या न्यूट्रलला आणतात, म्हणजे पंखा हाताने दोन्ही दिशांना मोकळा फिरला पाहिजे. नव्या केबलला थोडी सैल हालचाल असते. तिचा मध्य शोधून टोकावरचा जोड अशा बेताने फिरवतात की तो जोर न लावता भुजेच्या खिळीवर बसावा. खिळीपर्यंत पोहोचवण्यासाठी जोड फार बाहेर काढणे घातक असते. यामाहाच्या पुस्तिकांत जोड आट्यांवर किमान 8 मिलिमीटर आत हवा, असे सांगितलेले असते. त्यानंतर नट आवळला जातो आणि नवी पिन घातली जाते.

किनाऱ्यावर गिअर टाकताना दुसऱ्या माणसाने पंखा हळूहळू फिरवत राहावे लागते, कारण थांबलेल्या गिअरचे दात समोरासमोर आले तर लिव्हर अडतो आणि तेव्हा जोर लावल्यास नवी केबलच वाकते. दोन्ही इंजिनांची ही तपासणी झाली की दोन्ही लिव्हर न्यूट्रलला एका रेषेत येतात का, हे पाहतात. बोट पाण्यात गेल्यावर आधी लिव्हर गिअरमध्ये ठेवून चावी फिरवतात. इंजिन सुरू होता कामा नये. मग दोरखंड बांधलेले असतानाच एकेक इंजिन मंद गतीवर पुढे-मागे घालून पाहतात. शेवटी इंजिने बंद करून सुकाणू दोन्ही टोकांपर्यंत वळवतात, इंजिने वर उचलतात आणि केबल कुठे ताणते का, हे प्रत्येक स्थितीत पाहतात. ताणत असेल तर पट्टा सोडून तिला आणखी चार बोटे मोकळीक देतात आणि तपासणी पुन्हा न्यूट्रलपासून सुरू होते.