गाडी दिसली, नंबर दिसला नाही

श्रोतेहो, नमस्कार.

औशाजवळच्या एका गावात माझं एक गिऱ्हाईक आहे. आपण त्यांना काका म्हणू. सोयाबीनची रास झाली आणि आठ दिवसांत त्यांच्या शेडमधली अकरा पोती एका रात्रीत गेली. सकाळी आम्ही दोघं कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग बघायला टीव्हीपुढं बसलो. पिकअप आली, दोघं उतरले, पोती चढवली, गाडी गेली. सगळं दिसलं. काका म्हणाले, "थांबव तिथं. नंबर मोठा कर." मोठा केला. पाटीच्या जागी पांढरा चौकोन. आणखी मोठा केला, तर आणखी मोठा पांढरा चौकोन.

तो कॅमेरा मीच बसवला होता, हे आधीच सांगून टाकतो.

कॅमेरा हलक्या प्रतीचा नव्हता. मी त्याला दोन कामं एकदम सांगितली होती, अंगण राखायचं आणि नंबर वाचायचं, ती चूक. घराला आपण बहुतेक वेळा २.८ मिलिमीटरची लेन्स लावतो, कारण तिच्यात अंगण, गोठा, फाटक सगळं मावतं. दहा मीटरवर ती वीस मीटरहून जास्त रुंदीचा पट्टा दाखवते. दोन मेगापिक्सेलच्या चित्रात आडवे ठिपके १९२०, ते एवढ्या रुंदीत वाटले गेले की मोटारीच्या अर्ध्या मीटरच्या पाटीला येतात जेमतेम चाळीस. पाटीवर अक्षरं-आकडे मिळून दहा. म्हणजे एका आकड्याला चार ठिपके. चार ठिपक्यांत तीन कोणता आणि आठ कोणता, सांगा बरं! त्याच जागी १२ मिलिमीटरच्या लेन्सचा दुसरा कॅमेरा लावला की पट्टा साडेचार मीटरचा होतो आणि पाटीला दोनशेच्या वर ठिपके मिळतात. मग त्यात फक्त रस्त्याचा एक तुकडा दिसतो. दिसू द्या. अंगण बघायला पहिला कॅमेरा आहेच.

आता तो पांढरा चौकोन. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाडीसोबतच जी उच्च सुरक्षा पाटी येते, तिचा पृष्ठभाग उजेड परत फेकणारा असतो. रात्री कॅमेऱ्यातल्या इन्फ्रारेड दिव्यांचा, म्हणजे आपल्या डोळ्यांना न दिसणारा, उजेड तिच्यावर पडतो आणि तो सगळा उजेड कॅमेऱ्याच्याच डोळ्यात परत येतो. कॅमेरा मात्र अंधार आहे म्हणून शटर जास्त वेळ उघडं ठेवतो. पाटी जळून पांढरी होते. वर गाडी पळत असते. ताशी ४० किलोमीटरच्या गाडीला सेकंदाच्या तिसाव्या भागात सदतीस सेंटिमीटर रस्ता मागं पडतो. तेच शटर सेकंदाच्या हजाराव्या भागावर आणलं की गाडी हलते सेंटिमीटरभर. म्हणून सेटिंगमध्ये जाऊन शटर ऑटोवरून काढायचं, हजाराव्या भागावर ठेवायचं, गेन, म्हणजे अंधारात चित्र उजळवणारी सेटिंग, कमी करायचा. दिवसाची आणि रात्रीची सेटिंग वेगळी ठेवायची.

एवढं केलं की रात्री पडदा काळाकुट्ट होतो. काकूंनी पहिल्याच रात्री फोन केला, "बाबा, नवा कॅमेरा बंद पडला." मी म्हटलं, एखादी गाडी येईपर्यंत बघत बसा. दोन मिनिटांनी फोनवरच त्या वाचायला लागल्या, "एमएच चोवीस..." गाडी नाही, माणूस नाही, काळोखात नुसती पाटी तरंगत गेली.

जागेचं एक सांगतो. आपल्याकडं हौस असते कॅमेरा गच्चीच्या कठड्यावर ठोकायची. तिथून गाडीचं टप दिसतं. बाजूनं असो की वरून, तिरका कोन तीस अंशांच्या आत हवा. तीन मीटर उंचीवर कॅमेरा आणि दहा मीटरवर गाडी, हे बसतं. गतिरोधक किंवा वळण असेल तर तिथंच नेम धरा, गाडी आपोआप हळू होते. आणि शक्यतो मागची पाटी धरा. मोटारसायकलची पुढची पाटी चिंचोळी असते, शिवाय वर हेडलाइट.

लाईटचं तर आपल्या भागात सांगायलाच नको. कॅमेरा आणि डीव्हीआर, म्हणजे रेकॉर्डिंग साठवणारा डबा, दोन्ही इन्व्हर्टरवर घ्या. काकांच्या डीव्हीआरचं घड्याळ प्रत्येक वेळी लाईट गेली की मागं पडायचं. फुटेजमध्ये चोर दुपारी सव्वाचारला आले होते, बाहेर मिट्ट काळोख! पोलिसांपुढं हे दाखवायचं कसं? मूळ रेकॉर्डिंग पुसू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा फुटेजसोबत प्रमाणपत्र लागतं, ते ठाण्यात विचारून घ्या. आणि कॅमेऱ्याचं तोंड रस्त्याकडंच ठेवा, शेजाऱ्याच्या न्हाणीकडं नाही. गंमत म्हणजे नंबर वाचणारा अरुंद कॅमेरा त्या बाबतीत जास्त सभ्य असतो.

काच महिन्यातून एकदा पुसा. कोळ्यांना ती जागा फार आवडते. जाळं लागलं की रात्रभर तेच उजळतं आणि रेकॉर्ड होतं.

पंधरा दिवसांनी मी परत गेलो. ऊस कारखान्याकडं चालला होता. काका पडद्यापुढं बसलेले. ट्रॅक्टर गेला, मागं दोन ट्रॉल्या गेल्या, पडदा काळाच. ट्रॉलीला पाटीच नव्हती. काकांनी माझ्याकडं बघितलं, "आता रे?"

मी रिमोट घेतला आणि पहिल्या कॅमेऱ्याचं चित्र लावलं. ट्रॉलीच्या मागच्या फळीवर मोठा नांगर काढलेला होता. काका म्हणाले, "ही तर आपल्या वाडीवरल्याची."