हे दगड उघडे दिसायला नकोच होते!

आयर्लंडमधल्या एखाद्या गावच्या मुख्य रस्त्यावरचा हा पब बघा. गिलावा नाही, ओबडधोबड दगड उघडे आणि सांध्यांत करडं सिमेंट. पर्यटक खूश! पण व्हिक्टोरियन (राणी व्हिक्टोरियाच्या काळातल्या, 1837 ते 1901) मालकाला अशी भिंत दाखवायची लाजच वाटली असती.

[क्लोजअप: इमारतीचा कोपरा]

कोपऱ्याचे घडीव दगड भिंतीपेक्षा दोनेक सेंटीमीटर पुढे आलेत ना? तेवढ्या जाडीचा चुन्याचा गिलावा इथे होता. तो खरवडला की पाऊस थेट भिंतीत शिरतो. वर सिमेंट भरलं की ते पाणी बाहेर पडायला वाटच उरत नाही. मग आत पोपडे धरतात आणि भिंतीत टेकलेल्या तुळयांची टोकं कुजतात.

हे फक्त दुकानांचंच नाही. आयर्लंडमधल्याच किलार्नीचं सेंट मेरी कॅथीड्रल पुगिन या इंग्लिश वास्तुविशारदाने आखलं, काम 1842 मध्ये सुरू झालं, दुष्काळात थांबलं, आणि 1855 मध्ये ते उपासनेसाठी खुलं झालं. 1970च्या दशकात त्याच्या आतल्या भिंतींचा गिलावा काढून टाकला. आज लोकांना तो उघडा दगड प्राचीन वाटतो. माझ्या मते तिथे पुगिनचं अर्धं काम गेलं.

घराचं वय ओळखायचं तर आधी खिडकी बघा, म्हणजे दोन झडपांची, वर-खाली सरकणारी. 1845 मध्ये काचेवरचा कर उठला, मोठ्या काचा परवडू लागल्या. छोट्या काचांमधल्या पट्ट्या गेल्या, वजन चौकटीच्या सांध्यांवर आलं, म्हणून वरच्या झडपेच्या उभ्या पट्ट्या खाली थोड्या लांब ठेवू लागले. ती दोन शिंगं दिसली की खिडकी बहुधा व्हिक्टोरियन किंवा नंतरची. घर मात्र त्याआधीचं असू शकतं, खिडक्या बदलतात! आणि दुहेरी काच बसवणार असाल, तर झडप तोलून धरणारी, चौकटीच्या खाचेत लपलेली वजनंही वाढवा, नाहीतर वरची झडप आपोआप खाली घसरते.

आता दुरुस्ती. आधी सिमेंट हाताने, छिन्नीने काढा; ग्राइंडर लावला तर दगडाच्या कडा जातात. मग नैसर्गिक हायड्रॉलिक चुना (पाण्याशी संयोग होऊन घट्ट होणारा) एक भाग, टोकदार कणांची जाड वाळू अडीच ते तीन भाग, अशा गिलाव्याचे तीन थर. भिंत आधी भिजवा, प्रत्येक थर ओल्या गोणपाटाखाली ठेवा. घाईत वाळला तर तडकतो. रात्री पारा पाच अंशांखाली जाणार असेल तर काम सुरूच करू नका: ओला चुना गोठला की थर भुसभुशीत होऊन गळून पडतो.