हंगाम संपला तरी पेटी उतरवू नका

मंडळी, न्यू जर्सीत आपल्यापैकी बऱ्याच जणांनी बॅकयार्डात ब्लूबर्ड या छोट्या निळ्या पक्ष्याला घरटं करायला लाकडी पेटी लावलीय. ऑगस्टात शेवटची पिल्लं उडाली की हंगाम आटोपला म्हणून ती गॅरेजमध्ये जाते. माझी विनंती आहे, ती जागेवरच राहू द्या.

सप्टेंबर-ऑक्टोबरात ऊन जरा वर आलं की लक्ष ठेवा. नर पेटीच्या छपरावर बसतो, पंख किंचित उचलून थरथरवतो, भोकात डोकं घालतो, आत शिरतो, पुन्हा डोकावतो. कधी चोचीत गवताची काडीही असते. मादी जवळच्या फांदीवरून बघत असते. खरं तर वसंतातही घरटं विणते ती मादीच. नराची काडी दाखवण्यापुरती. मग आता हा खटाटोप कशाला? दिवस-रात्र पुन्हा मार्चसारखे सारखे होतात, त्यानं विणीची ऊर्मी थोडी चाळवते, असं म्हणतात. मला व्यवहाराचं कारण जास्त पटतं: जागा आधीच धरून ठेवायची. या पक्ष्याला स्वतः ढोली कोरता येत नाही. सुतार पक्ष्यानं सोडलेली मिळाली तर मिळाली. तिच्यावर डोळा ठेवणारे मात्र कमी नाहीत. १८९० मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात सोडलेल्या युरोपी साळुंक्या (स्टार्लिंग) पेटीच्या दीड इंचाच्या भोकातून आत जात नाहीत, पण चिमणी जाते. हो, तीच आपली चिमणी! तिकडे नाशिकचे मोहम्मद दिलावर तिच्यासाठी घरटी लावा म्हणून लोकांना सांगतात, इकडे तीच ब्लूबर्डला हुसकावते.

थंडीत पेटी झोपायची खोली होते. इथले सगळे ब्लूबर्ड दक्षिणेला जात नाहीत. किडे संपले की सुमाक, डॉगवूड, सीडर या झाडाझुडपांच्या फळांवर निभावतात. संध्याकाळी एकेक करून पेटीत शिरतात, कधी दहा-बाराही, आणि डोकी मध्ये करून खेटून बसतात. तीस ग्रॅमच्या जिवाची ऊब भराभर निघून जाते. वारा अडला आणि अंगाला अंग लागलं, तर रात्र निघते. वसंतात हेच पक्षी एकमेकांना पेटीजवळ फिरकू देत नाहीत. १९७६-७७ आणि त्यापुढच्या कडक हिवाळ्यांत ब्लूबर्ड फार मेले. या पक्ष्यांना वाचवण्यासाठी लॉरेन्स झेलेनी यांनी नॉर्थ अमेरिकन ब्लूबर्ड सोसायटी स्थापन केली, ती १९७८ मध्ये.

तेव्हा जुनं घरटं काढून टाका, नाहीतर उंदीर राहायला येतात. काढताना हातमोजे आणि मास्क घाला, घरटं आधी ओलं करा. उंदरांच्या लेंड्यांची धूळ नाकात जाता कामा नये. छपराखालच्या हवेच्या फटी डिसेंबरात फोमनं बुजवा, तळाची भोकं उघडीच ठेवा. अंधार पडल्यावर पेटी उघडून बघायचा मोह टाळा. थंडीत बाहेर उडालेला पक्षी काळोखात परत येईलच असं नाही.

मघाशी एका ताईंनी विचारलं, आत बल्ब लावू का? नको. आणि तो फोम मार्चमध्ये आठवणीनं काढा, नाहीतर उन्हाळ्यात पिल्लं आत उकडून मरतील.