दोन सेकंदांची खूण

[गांधी मैदान, संध्याकाळ. मुलं पाठमोरी.]

कोल्हापुरात पोरगं चालायला लागलं की पायाशी फुटबॉल येतो. निळ्या जर्सीतल्या मुलाकडं बघा. बॉल मिळाला आणि गडी धावत सुटला. ‘पास दे’ म्हणून दोनदा हाका आल्या. बॉल गेला.

[तेच दृश्य, सावकाश]

जोडीदारानं हात झटकला, मान फिरवली, दुसऱ्याकडं बघून ओठ मुडपले. जेमतेम दोन सेकंद. तेवढ्यात आपला गडी कडेच्या कुत्र्याकडं बघत होता. मग हसत आला आणि चिडलेल्याच्याच पाठीवर थाप मारली.

या मुलाला एडीएचडी आहे, म्हणजे लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं अवघड जातं. एडीएचडी म्हटलं की चुळबुळ आठवते. ही बाजू कुणी सांगत नाही. समोरच्याचा चेहरा टिपायचा, अर्थ लावायचा, हात आवरायचा. सगळं एका दमात. लक्ष निसटलं की पहिलंच हुकतं, आणि हात तर विचाराच्या आधी सुटलेला असतो. लोक वांड म्हणून मोकळे होतात.

[टेबलावर चेहऱ्यांची चित्रं]

इथं शांतपणे विचारलं, तर राग कुठला, रुसवा कुठला, बरंचसं बरोबर सांगतो. नियम पाठ आहेत, ऐनवेळी हाताशी येत नाहीत. म्हणून नुसत्या ‘कसं वागावं’च्या तासांवर भिस्त नको. कोक्रेन ही संस्था उपचारांवरचे अभ्यास एकत्र करून तपासते; तिच्या २०१९च्या आढाव्यातही अशा प्रशिक्षणाचा ठोस फायदा दिसला नाही. एडीएचडीच्या गोळीनं चुळबुळ कमी होते; मैत्री जमतेच असं नाही.

[घर. दोन मुलं, कॅरम]

सराव इथं. मित्र एकच बोलवायचा. तिसरा आला की दोघांची जोडी जमते, हा बाहेर. वेळ तासाभराची. खेळ आधीच ठरवलेला. जे खेळणं याला देववत नाही ते कपाटात, मोबाईल बंद. नियमही एकच: ‘आधी त्याच्याकडं बघ, मग बोल.’ आई कानाच्या टप्प्यात. आवाज चढला की खांद्यावर दोन टिचक्या, ही ठरलेली खूण. तरी तापलंच, तर भडंगाची ताटली पुढं करायची. मित्रासमोर ओरडलात, की सगळं मुसळ केरात. खेळ रंगात असतानाच थांबवायचा.

मित्र गेल्यावर ‘कसं झालं?’ विचारू नका. ‘एकदम भारी!’ हेच उत्तर येणार, आणि ते खोटंही नसतं. आपलं छान जमतंय असंच यातल्या बऱ्याच मुलांना वाटतं. विचारायचं ते नेमकं: ‘तो कधी कंटाळला होता?’

निदान मात्र डॉक्टरांकडूनच. लक्षणं बाराव्या वर्षाआधीची, सहा महिने टिकलेली, घरी आणि शाळेतही दिसणारी हवीत. नजर आणि कान आधी तपासून घ्या.

[शाळेचं पटांगण]

दुर्लक्ष झालं, तर एकटेपणा, मारामाऱ्या, शाळेचा कंटाळा. खेळाच्या तासाला कप्तान गडी निवडतात, तेव्हा शेवटी कोण उरतं ते दिसतंच आहे. सरांनी चिठ्ठ्या टाकून संघ पाडावेत. पाच मिनिटांचं काम आहे.